सातबाऱ्यावरचे भात

बँकेत असताना माझ्या टेबलावर सातबाऱ्याचे उतारे नेहमीच यायचे. कादंबऱ्या मी पुढे लिहिल्या. पण माणसांच्या गोष्टी वाचायला शिकलो तो या उताऱ्यांवरून. सातवर नावे, वाटण्या, बोजा. बारावर भात, वाल, विहीर.

गेल्या पावसाळ्यात पनवेलजवळच्या नेरे भागात एका जुन्या खातेदाराकडे गेलो होतो. त्याने नगररचना योजनेचा नकाशा पुढ्यात पसरला. त्यात बांध नव्हते, भात नव्हते. होते ते क्रमांक घातलेले चौकोन. तो म्हणाला, "साहेब, जो येतो तो म्हनतो, मोकली जागा हाय. मोकली कशी? भात हाय ना तिथं!"

विमानतळाभोवतीच्या या गावांना सरकारी कागदांत ‘नैना’ म्हणतात. २०१३ साली तिथे सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नगररचना योजनांची रीत अशी : शेतजमिनी एकत्र करायच्या, ६० टक्के जागा रस्ते, बागा, शाळा वगैरेंसाठी आणि प्राधिकरणासाठी ठेवायची आणि ४० टक्के भूखंड म्हणून शेतकऱ्याला परत द्यायची.

जुनी खोड जात नाही, म्हणून मी आकडेमोड केली. एकर म्हणजे ४० गुंठे. परत मिळणार १६. चाळीस गुंठ्यांइतके बांधकाम सोळा गुंठ्यांवर बसवायचे, तर चटईक्षेत्र निर्देशांक अडीच हवा. योजनेने तोच धरला आहे. म्हणजे इथे इमारती उंच होणार त्या हौसेने नव्हे, हिशेबाने. शेतकऱ्याचा मोबदला त्या उंचीतच ठेवलेला आहे. शेत राखू म्हणणाऱ्याला मात्र या हिशेबात रकानाच नाही.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. मी स्वतः सिडकोच्या घरात राहतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झाले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडांचा मार्ग खुला झाला. माझ्या दिवाणखान्याखालीही कुणाचे तरी भात होते. म्हणून ‘आम्ही आलो, आता दार लावा’ असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मुलांना घरे हवीत, हे मी नातवंडांच्या तोंडून रोज ऐकतो.

तरीही या दाटीला माझा विरोध आहे. कारण पाणी. माथेरानच्या डोंगरावर पडलेला पाऊस गाढी नदीने पनवेलकडे उतरतो. वाटेतली भातखाचरे तो अडवतात, मुरवतात, हळूहळू सोडतात. बांध घातलेले प्रत्येक खाचर म्हणजे बिनखर्चाचे तळेच. २६ जुलै २००५ रोजी गाढीचे पाणी पनवेलच्या वस्तीत शिरले, तेव्हा काठची बरीचशी शेते शाबूत होती. त्यांवर भराव पडल्यावर तेवढाच पाऊस कुठे जाईल? आणि उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या नव्या संकुलांच्या दारात टँकर उभे असतात. पावसाळ्यात पाणी नको तिथे, उन्हाळ्यात हवे तिथे नाही!

दाट वस्ती वाईट नव्हे; ती कुठे करायची, हा प्रश्न आहे. वाशीसारख्या जुन्या वसाहतींत स्टेशनालगत मोडकळीला आलेल्या इमारती पुन्हा बांधल्या जात आहेत. तिथे रेल्वे आहे, नळ आहे, शाळा आहे. उंची आधी तिथे चढवावी. नव्या गावांत पाणी प्रत्यक्ष नळाला आल्याशिवाय इमारतीला वापराचा दाखला देऊ नये. नदी-ओढ्यांकाठची खाचरे आराखड्यात खाचरे म्हणूनच राखावीत आणि पूर झेलल्याचा मोबदला शेतकऱ्याला द्यावा. ज्याला शेती करायची आहे, त्याला तसे म्हणण्याची सोय हवी. ग्रामसभेचा ठराव फायलीत लावण्यापुरता नसावा.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. आता घाई वाढेल. बँकेत आम्ही तारण ठेवलेली वस्तू जपायचो, कारण ती दुसऱ्याची असे. ही खाचरे पुढच्या पिढीची आहेत. बाराच्या उताऱ्यावरचे ‘भात’ खोडायला एक सही पुरते. ते पुन्हा लिहायला कुठलेच कार्यालय पुरणार नाही.