बाई, बंदर कुठे आहे?

या दिवाळीत आमचा जर्सी सिटीचा नातू पंधरा दिवस राहून गेला. वय वर्षे एकोणीस, गळ्यात कॅमेरा आणि खिशात एक यादी. 'मुंबईची स्कायलाइन टिपण्याच्या दहा सर्वोत्तम जागा'! कुणा हौशी प्रवाशाने केलेली यादी त्याने छापूनच आणली होती. मला म्हणाला, "आजी, तू मुंबईची. तू घेऊन चल."

चौतीस वर्षे वह्या तपासल्या आहेत. हातात कागद आला की लाल पेन आपोआप शोधला जातो. यादी वाचली आणि डोकेच फिरले. दहापैकी चार जागा हॉटेलांच्या गच्च्या. दोन जागा म्हणजे सागरी सेतू आणि अटल सेतू, जिथे गाडी थांबवणे गुन्हा आहे. तीन जागा पश्चिमेच्या समुद्राकाठी - मरीन ड्राइव्ह, मलबार हिल आणि वरळी. राहिली एक, ती गेटवे ऑफ इंडिया. आणि यादीच्या वर मथळा काय, तर 'बंदराच्या शहराचे दर्शन'!

मी नातवाला म्हटले, "अरे, यात बंदर कुठे आहे?"

बोलले आणि एकदम गप्प झाले. कारण हाच प्रश्न मला फार वर्षांपूर्वी कुणीतरी विचारला होता.

मी माझगावच्या बाजूला एका मराठी शाळेत शिकवायचे, मराठी आणि भूगोल. पाचवी-सहावीचा वर्ग असावा. फळ्यावर मुंबई बेटाचा नकाशा काढून मी नेहमीचे वाक्य घोकून घेत होते, "मुंबई हे उत्तम नैसर्गिक बंदर आहे." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बंदर कुठे आहे?" वर्ग हसला. पण मुलगी हसली नाही. तिचे वडील गोदीत कामाला होते. शाळेपासून पाणी फार तर दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर. जवळच्या स्टेशनाचे नाव डॉकयार्ड रोड, गाडीचे नाव हार्बर लाइन. आणि तिने बंदर कधी पाहिलेच नव्हते! तिने पाहिली होती ती भिंत. दगडी, लांबच लांब, मध्ये फाटक, फाटकावर पहारेकरी.

मंडळी, तुम्हीही एकदा हार्बर लाइनने सीएसएमटीहून निघा आणि उजव्या खिडकीत बसा. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. गोदामे दिसतील, ट्रक दिसतील, झोपड्या दिसतील. हार्बर काही दिसणार नाही. पाण्याचे खरे दर्शन होते ते थेट मानखुर्दच्या पुढे, वाशीच्या खाडीवर.

आता भूगोलाच्या बाईंचा धडा सहन करा थोडा. आपण ज्याला 'मुंबईचा समुद्र' म्हणतो, जिथे कणीस खातो, जिथला राणीचा हार साऱ्या जगाला ठाऊक आहे, ती बॅक बे. म्हणजे नावाप्रमाणेच मागची बाजू. तिथे जहाज लागत नाही. ज्याच्यामुळे हे शहर वसले ते बंदर पूर्वेला, बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यात. पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, आणि आज ज्याला इंदिरा गोदी म्हणतात तो अलेक्झांड्रा डॉक १९१४. मुंबईचा पैसा आला तो या दारातून. गिरण्यांचा कापूस गेला तो याच दारातून. आणि आज फोटो काढायला आलेला पाहुणा घराच्या परसदाराचा फोटो काढून जातो, कारण पुढचे दार बंद आहे!

असो. आम्ही दोघे निघालो.

पहिल्या दिवशी त्याच्या यादीतली एक गच्ची. नाव सांगत नाही. लिफ्टपाशीच एका गोड मुलीने विचारले, "मॅम, टेबल बुक केलंय?" मी म्हटले, "टेबल नको गं, शहर बघायचंय." तेवढ्यासाठी वर जाता येत नाही म्हणाली. शेवटी दोन कॉफ्या मागवायच्या कबुलीवर गेलो. दोन कॉफ्यांच्या बिलात माझा महिन्याचा दूधवाला भागला असता. दृश्य छान होते, खोटे कशाला बोलू? पण माझ्या वर्गातल्या त्या मुलीला तिथे कोण जाऊ देणार होते?

दुसऱ्या दिवशी अटल सेतू. शिवडीहून चढलो. डाव्या-उजव्या हाताला पाणी, मागे वळून पाहिले तर सगळी मुंबई एका ओळीत उभी! इतके मोठे दर्शन मी पंचाहत्तर वर्षांत कधी घेतले नव्हते. पण थांबता येत नाही. पायी जाता येत नाही, दुचाकी चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पूल उघडला तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले आणि पोलिसांना दंड करत फिरावे लागले. पोलिसांचे बरोबरच आहे. भरधाव रस्त्यावर उभे राहणे हा मूर्खपणाच. पण मला सांगा, जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल बांधताना कडेला माणसांना चालायला एक पट्टी, मध्ये कुठे घटकाभर उभे राहायला एक सज्जा, एवढे सुचू नये? सिडनीचा बंदरावरचा पूल १९३२ सालचा, त्यावर पायवाट आहे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज १८८३ सालचा, त्यावरही आहे. सागरी सेतू आपण २००९ मध्ये बांधला, अटल सेतू २०२४ मध्ये. दोन्हींवर पायी माणसाला मज्जाव.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने त्याला आमच्या जुन्या भागात नेले. एका गल्लीच्या टोकाला पाणी चमकताना दिसले म्हणून पुढे गेलो, तर फाटक. पहारेकरी भला माणूस होता. म्हणाला, "आजी, इथून पुढं परवानगी नाय."

"फोटो नाही काढत हो. नुसतं पाणी बघायचंय."

"पाणी पन नाय."

नातू खो खो हसला. मला हसू आले नाही.

आता डोंबिवलीच्या वन्सं वाचत असतील आणि म्हणतील, "अहो, तिथे नौदल आहे, संरक्षणाचा प्रश्न आहे." मान्य! नौदलाच्या गोदीत कॅमेरे घेऊन हिंडा असे मी म्हणत नाही. जिथे जहाजातून माल उतरतो, क्रेन हलतात, तिथेही पोराटोरांना सोडू नये. पण भिंतीमागची सगळी जागा काही नौदलाची नाही आणि सगळीकडे क्रेन हलत नाहीत. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि पुष्कळसा व्यापार पलीकडे गेला. कित्येक गोदामे नुसती उभी आहेत. धोका जिथे आहे तिथे भिंत हवी. जिथे धोका गेला तिथली भिंत कशासाठी राखायची?

दुसरा आक्षेप आमच्या धाकट्या दिरांचा. "लोकांना जागा दिली की लोक घाण करतात." ही सबब मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. मुले पुस्तके फाडतात म्हणून वाचनालयाला कुलूप लावणारे मुख्याध्यापकही मी पाहिले आहेत. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर शंभर प्रकारची माणसे बसतात, तिकिटाशिवाय. म्हणून काय तो कट्टा उखडायचा? उलट मुंबईचा सर्वात लाडका फोटो त्याच कट्ट्याचा आहे. जिथे लोक बसू शकले, ती जागा शहराची ओळख झाली.

मुलाकडे गेले होते तेव्हा जर्सी सिटीला हडसनच्या काठाने रोज संध्याकाळी चालायला जायचे. पलीकडे सगळे मॅनहॅटन. मागे श्रीमंतांच्या उंच उंच इमारती, आणि त्यांच्या पुढून, अगदी पाण्यालगत, आम्हा सर्वांची वाट. कुणी मासे धरतोय, कुणी बाबागाडी ढकलतोय. मला वाटले, ही त्या इमारतवाल्यांची मेहेरबानी. मुलाने सांगितले, मेहेरबानी नाही, नियम आहे. न्यू जर्सीत त्या काठावर नवे बांधकाम करायचे तर पाण्यालगतची किमान तीस फुटांची पट्टी जनतेला चालायला सोडावी लागते. वाट अजून सलग नाही, मध्ये मध्ये तुटते. पण जिथे आहे तिथे कुणीही उभे राहावे. नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये तर १९५० साली महामार्ग काढला तेव्हा त्याच्या डोक्यावरच लोकांसाठी फिरण्याची गच्ची केली. मॅनहॅटनचे कितीतरी फोटो तिथून निघतात. छायाचित्रकारांनी ती जागा हुडकून काढली असे नव्हे. कुणीतरी आधी ती ठेवली होती.

माझे म्हणणे एवढेच आहे. शहराचा फोटो कुठून चांगला येतो हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. शहरासमोर उभे राहायची परवानगी कुणाला आहे, हा तो प्रश्न आहे.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये किनारी रस्त्यालगतचा सव्वापाच किलोमीटरचा फिरण्याचा रस्ता खुला झाला. मी जाऊन आले, फार छान आहे. मलबार हिलवर २०२५ मध्येच झाडांमधून जाणारी लाकडी वाट झाली. पण ही सगळी कौतुके पुन्हा पश्चिमेलाच! पूर्वेला गेटवेपासून रेडिओ क्लबपर्यंतचा तुकडा आहे, तो एक किलोमीटरही भरणार नाही. २०१४ साली राणी जाधव समिती नेमली गेली, पूर्व किनारा लोकांना खुला करण्याच्या गोष्टी झाल्या. २०१८ मध्ये आराखड्याचा मसुदा आला. आज ना उद्या त्या जमिनीवर मनोरे उभे राहणारच. मी मनोऱ्यांच्या विरुद्ध नाही. पण पहिली वीट रचण्याआधी पाण्यालगतची तीस फूट पट्टी कागदावर आखून घ्या, आणि ती कुणाच्या क्लबची, कुणाच्या गच्चीची होणार नाही असे लिहून घ्या. एकदा मनोरे झाले की दगडी भिंत जाईल आणि काचेची येईल. पहारेकरी मात्र तोच राहील.

तोवर नातवाच्या कागदामागे मी माझी यादी लिहून दिली. तुम्हालाही देते.

एक, सकाळची घारापुरीची लाँच. दुपारनंतर जाऊ नका. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे आपल्या पाठीशी असतो आणि गेटवे नि ताज समोरून उजळतात. सोमवारी लेणी बंद. दोन, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच. उरणची माणसे रोज जातात तीच. गोद्या, क्रेन, नांगरलेली जहाजे, मागे उंच मुंबई... खरे बंदर इथून दिसते. तीन, शिवडीचा किल्ला. खाली चिखलातले रोहित पक्षी हिवाळ्यात येतात आणि मागे अटल सेतू. आणि चार, डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या डोक्यावरच्या टेकडीवरचे जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. टिळकांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा, त्यांचेच नाव.

त्या मुलीने प्रश्न विचारला त्याच आठवड्यात मी सगळा वर्ग त्या टेकडीवर नेला होता. मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली नंतर. मुले कठड्याला चिकटून उभी राहिली. भिंतीच्या वरून, गोदामांच्या छपरांपलीकडे, पाणी आणि जहाजे. ती मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग बोट दाखवून म्हणाली, "माझे पप्पा तिथे असतात."

परवा नातवाला तिथेच नेले. त्याने बरेच फोटो काढले. त्याच्या मते उजेड ठीक नव्हता. मला मात्र तिथून हलवेना.

तुमच्या माहितीत पूर्व किनाऱ्यावरची आणखी एखादी जागा असेल, जिथे ओळखपत्र, आरक्षण आणि कॉफी यांपैकी काहीच लागत नाही, तर जरूर कळवा. यादी वाढवू या.