चमचाभर पाणी

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाआधी घशाने हाक मारली. काही तासांनी नर्सने चमचाभर पाणी दिले. जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढला होता. शेजाऱ्यांना सौभाग्यवतींनी ‘हर्निया’ सांगितले; कल्पनाशक्ती घरात पसरलेली दिसते!

बीएमआय 40 वा अधिक, किंवा 35 आणि जोडीला अनियंत्रित मधुमेहासारखे आजार असल्यास, इतर उपाय थकल्यावर ही शस्त्रक्रिया ‘लठ्ठपणा’ म्हणून विम्यातून वगळायची नाही, असे नियामकाने 2019 साली ठरवले. चांगले झाले. पण बँकवाल्याची नजर हप्त्यांवर जाते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, रक्ततपासण्या जन्मभर. पॉलिसी मात्र बहुधा दोन-तीन महिन्यांतच हात आखडते.

मला पेन्शन आहे. शेजारच्या खाटेवरच्या रिक्षावाल्याने विचारले, ‘‘गोळ्या किती दिवस, डॉक्टर?’’

‘‘कायम.’’

त्याने चमचा खाली ठेवला.