गॅस भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

"एसी गार करत नाही, गॅस भरून द्या." मार्च उजाडला की भोर-वेल्ह्याकडचे गाडीमालक हे वाक्य घेऊनच गॅरेजात येतात. त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षं त्यांना तेच सांगितलं गेलं. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला, तर कुठून तरी गळाला. गळती न शोधता नुसता भरत राहणं म्हणजे ताप कशाचा हे न बघता सलाईन लावणं.

कापूरहोळजवळ मी गाड्यांच्या एसीचं काम करतो. नव्या गाड्या वॉरंटीत असतात, त्या शोरूमला जातात. माझ्याकडे येतात त्या नसरापूर, विंझर, आंबवडे, नेरे इथल्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, एस्टीम आणि एखादी सिएरा. यातल्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत मुळात आर-१२ हा गॅस होता. असे वायू ओझोनचा थर विरवू शकतात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलं. १९८७ला मॉन्ट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला. १ जानेवारी २००३पासून नव्या मालात हा वायू वापरायला आपल्याकडे बंदी आली आणि २००८च्या ऑगस्टमध्ये त्याचं उत्पादनही थांबलं. निर्णय योग्यच होता. जुन्या गाड्यांना मग आर-१३४ए हा दुसरा गॅस आला. इथवर सगळं ठीक. बिघडलं ते पुढे. गॅस बदलला, पण त्याबरोबर जे जे बदलायला हवं होतं ते बहुतेक गाड्यांत तसंच राहिलं.

भोरच्या एका निवृत्त गुरुजींची १९९३ची ८०० माझ्याकडे आली. तक्रार अशी की हायवेला एसी छान चालतो, पण खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलं किंवा घाटात गाडी रेंगाळली की गरम हवा येते. आधी दुसरीकडे दोन उन्हाळे गॅस भरून झाला होता. मी दाब मोजणारे गेज लावले. इंजिन आयडलवर असताना हाय साइडचा, म्हणजे कंप्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या बाजूचा, काटा ३३०वर होता, कमी दाबाची लो साइड ५५ दाखवत होती. अशा हवामानात हाय साइड साधारण २०० ते २५० पीएसआयच्या दरम्यान असावी लागते. मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बादलीभर पाणी ओतलं. काटा बघता बघता २५०च्या खाली उतरला. निदान तिथंच झालं. गॅसमधली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडत नव्हती. पंखा फिरत होता, त्यामुळे आजवर कुणाला शंका आली नव्हती. पण मोटरचे कार्बन झिजून त्याचा वेग निम्म्यावर आला होता आणि कंडेन्सरच्या पात्यांत चिखल आणि भाताच्या पेंढ्याचा भुसा घट्ट बसला होता. गाडी पळताना समोरचा वारा ते काम भागवत होता, थांबली की सगळं अंगावर येत होतं.

"गुरुजी, गॅस कमी नाही, जास्त झालाय," मी म्हटलं. त्यांना ते खरंच वाटेना. मशीननं गॅस ओढून वजन केलं आणि काटा त्यांना दाखवला. आर-१३४ए हा मूळ आर-१२च्या वजनाच्या साधारण ८५ टक्के भरायचा असतो. इथं मूळ मापापेक्षाही जास्त भरला होता. गार होत नाही म्हणून भरला, आणि भरला म्हणून दाब वाढून आणखी गार होईना.

त्याहून काळजीची गोष्ट तेलाची. आर-१२बरोबर मिनरल ऑइल चालायचं, कारण ते गॅसमध्ये विरघळून सगळीकडे फिरायचं आणि कंप्रेसरला परत यायचं. आर-१३४एत ते विरघळत नाही. कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून बसतं आणि कंप्रेसर कोरडा चालतो. एके दिवशी तो जाम होतो आणि त्याचा काळा चुरा कंडेन्सरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत सगळीकडे जातो. म्हणून गॅस बदलताना जुनं तेल काढून लाइन फ्लश करायची, एस्टर ऑइल घालायचं, ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकायचा, जुन्या ओ-रिंगा काढून नव्या गॅसला चालणाऱ्या हिरव्या बसवायच्या. आर-१३४एचा रेणू लहान, तो जुन्या रबरी पायपातूनही झिरपतो, म्हणून पाइपसुद्धा तपासायचे. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद करून काटा हलतो का ते बघायचं आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. गुरुजींच्या गाडीला हे सगळं केलं, पंख्याची मोटर बदलली, कंडेन्सर धुतला. थांबलेल्या गाडीत काटा २२०वर स्थिर राहिला.

यावर लोक म्हणतात, एवढा खर्च एसीसाठी कशाला, काचा खाली करा की. आमच्या भागात हे म्हणणं लागू पडत नाही. आषाढात पाबे घाटातून किंवा केळदच्या रस्त्यानं गाडी चालवून बघावी. बाहेर धुकं, वरून पावसाची झोड, आत चार माणसं आणि ओले कपडे. काच आतून पांढरी होते. काच खाली करावी तर पाऊस आत येतो, वर ठेवावी तर समोरचं वळण दिसत नाही. एसी हवा गार करताना तिच्यातला ओलावा काढून घेतो, म्हणून तो लावला की काच लगेच स्वच्छ होते. रात्री पेशंट घेऊन वेल्ह्याहून पुण्याला निघालेल्या माणसाला त्याची किंमत विचारा. एका हातात फडकं घेऊन घाट उतरणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. या डोंगरात चालू एसी ही ब्रेकइतकीच सुरक्षेची गोष्ट आहे, असं मी मानतो.

दुसरी बाजू हवेची. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० किलोइतका धरतात. छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस हवेत सोडला, तर तो सुमारे ७०० किलो होतो, म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. गळक्या गाडीत दर उन्हाळ्यात गॅस भरणारा माणूस दर वर्षी हेच करतो आणि त्याचे पैसेही मोजतो. याला वैतागून काही ठिकाणी स्वयंपाकाचा गॅस भरण्याचे प्रकार होतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. तिथं ज्वालाग्राही वायू गळला तर काय होईल, हे सांगायला नको.

मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार २०४७पर्यंत भारताला आर-१३४एसारख्या वायूंचा वापर ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं उद्दिष्ट होतं. तसं प्रशिक्षण रस्त्याकडेच्या मोटर मेकॅनिकपर्यंत यायला हवं. आयटीआयच्या पोराला गेज वाचायला आणि वजनावर गॅस भरायला शिकवा. गॅस ओढून साठवणारं मशीन महाग आहे, मी ते कर्ज काढून घेतलं. छोट्या गॅरेजवाल्याला ते अनुदानावर द्या, निदान तालुक्याला एक तरी भाड्यानं मिळू द्या.

माझ्या मेकॅनिक भावांनो, तुम्हालाही एक विनंती. काम झालं की बॉनेटखाली चिठ्ठी लावा: कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं तेल, कोणती तारीख. पुढच्या माणसाला अंधारात चाचपडावं लागणार नाही. आणि गाडीमालकांनो, "गॅस भरून द्या" म्हणू नका. "का गार होत नाही ते बघा" म्हणा, आणि त्या बघण्याचे पैसे द्या. गॅस भरण्याच्या मजुरीवर पोट असेल, तर कोणता मेकॅनिक गळती शोधत बसेल?