आधी ऐकून घेणाऱ्या राज्यपाल

राज्यपाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजकारणातून बाजूला झालेला नेता किंवा निवृत्त सनदी अधिकारी येतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २००१ मध्ये या पदासाठी एक मनोविकारतज्ज्ञ निवडली. डॉ. मारी बशीर या त्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. साडेतेरा वर्षांत त्यांनी सहा मुख्यमंत्री पाहिले आणि एकाही पक्षाला त्या परक्या वाटल्या नाहीत.

१९३० मध्ये नॅरंडेरा या छोट्या गावी, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये सिडनी विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. काही काळ जनरल प्रॅक्टिस करून मग मनोविकारशास्त्राकडे वळल्या. १९७२ पासून त्यांनी सिडनीत ‘रिव्हेंडेल’ हे किशोरवयीन मुलांचे मानसोपचार केंद्र उभे केले. तिथे उपचार आणि शाळा एकाच आवारात चालत, कारण मन बिघडले म्हणून मुलाचा अभ्यास सुटला तर ते बरे होऊनही मागेच राहते.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र आदिवासींसाठीचे. सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतः चालवलेल्या वैद्यकीय सेवेत त्या १९९० च्या दशकात सल्लागार होत्या. पिढ्यान् पिढ्या ज्या सरकारने आदिवासींची लेकरे आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये ठेवली, त्याच सरकारच्या इस्पितळात आदिवासींनी मनातले दुःख विश्वासाने कसे सांगावे? रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट न पाहता त्याच्या माणसांत जाऊन बसणारी डॉक्टर म्हणूनच तिथे हवी होती.

राज्यपालपदावर गेल्यावर त्यांच्या हाती फारसे अधिकार नव्हते. तरी कुठे जायचे आणि कुणाचे ऐकायचे, हे राज्यपालच ठरवतो. त्यांनी मानसिक आजार, आदिवासींचे आरोग्य, तरुणांचे प्रश्न हे विषय पदावरही सोडले नाहीत. डिसेंबर २००५ मध्ये सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर जमावाने अरबी चेहऱ्याच्या तरुणांना शोधून मारहाण केली. त्या वेळी राज्याच्या सर्वोच्च घटनात्मक पदावर लेबनीज वंशाची स्त्री होती. हा योगायोग असेल, पण भेदरलेल्या समाजाला तो केवढा आधार असेल!

आता नेमणुकीचे पाहू. न्यू साउथ वेल्समध्ये राज्यपालाचे नाव राज्याचा मुख्यमंत्रीच राजमुकुटाला सुचवतो. आपल्याकडे ते केंद्र ठरवते, आणि तिथेच बिघडते. राज्यपाल जीवनाच्या एखाद्या क्षेत्रात नामवंत असावा, नजीकच्या काळात राजकारणात फार गुंतलेला नसावा, असे केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने १९८८ मध्येच सांगितले होते. तरी कालपर्यंत पक्षाचा झेंडा हाती असलेली माणसे आज राज्यपाल होतात आणि विधेयके महिनोन् महिने अडकून पडतात. आदिवासी पाड्यांवर, मनोरुग्णालयांत, शाळांत आयुष्य घालवलेली, पक्षांच्या पलीकडची माणसे आपल्याकडेही आहेत. केंद्राने पुढच्या नेमणुका करताना पक्ष कार्यालयातील यादी बाजूला ठेवून त्यांच्यातून नावे काढावीत.