आधी घरात वाचून दाखवावे



उच्च शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न पैशांचा निघतो, आणि तो निघणे स्वाभाविकच आहे. थोडी भातशेती, दहा-पाच माड आणि एखाद्या मुलाची जहाजावरील नोकरी एवढ्यावर ज्यांचा संसार चालतो, त्यांनी खर्चाचा विचार करावयाचा नाही तर कोणी? तथापि कायद्याची पदवी घेतलेली मुलगी वा मुलगा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करू म्हणतो, तेव्हा पैशांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. हा अभ्यास कशासाठी? हा प्रश्न विद्यापीठही विचारते. घराने तो त्याच्या आधी विचारावा, असे आमचे नम्र सांगणे आहे.

प्रथम हा कायदा म्हणजे काय ते पाहू. राष्ट्राराष्ट्रांनी आपसांत केलेले करार आणि दीर्घकाळ पाळलेले रिवाज यांतून तो घडतो. तो राजधान्यांतील मोठ्या लोकांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कित्येकांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. हॉलंडच्या ह्यूगो ग्रोशियसने १६०९ साली ‘समुद्र सर्वांस मोकळा आहे’ असे प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पौर्वात्य व्यापारावरील पोर्तुगिजांच्या मक्तेदारीविरुद्ध. म्हणजे ज्या सागरी सत्तेचे मुख्य ठाणे गोवा होते, तिच्याच विरुद्ध. त्याच्याही आधी, १५३९ साली, स्पेनमधील सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूंनी आपल्या व्याख्यानांत असा विचार मांडला की, अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नाहीत एवढ्या कारणावरून त्यांच्या भूमीवरील त्यांचे स्वामित्व नष्ट होत नाही. या शास्त्राच्या पायाभरणीत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

अलीकडच्या काळात यावयाचे, तर दादरा व नगरहवेलीकडे दमणहून जाण्याच्या वाटेबद्दल पोर्तुगालने १९५५ साली भारताविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी तो नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने ठरविले. या खटल्यात भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश म्हणून श्री. मोहम्मद करीम छागला बसले होते.

आता आपल्या घरात या. जहाजावर गेलेल्या मुलाचा पगार थकला, मालकाने जहाज परक्या बंदरात सोडून दिले, तर त्याचे रक्षण कोण करील? सागरी कामगारांसंबंधीचा करार २००६ साली झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. या करारात २०१४ साली झालेली सुधारणा २०१७ पासून अमलात आहे. तिच्यानुसार निदान दोन महिन्यांचे वेतन थकणे हेही खलाशाला वाऱ्यावर सोडल्याचे एक लक्षण मानले जाते, आणि अशा प्रसंगासाठी जहाजमालकाने आर्थिक तारण आधीच ठेवावे लागते. हा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे, आणि तो आपल्या ओसरीपर्यंत आलेला आहे.

येथे एक भेदही ध्यानात ठेवावा. म्हादईच्या पाण्याचा तंटा खानापूरच्या आणि गोव्याच्या घरोघरी चर्चिला जातो. परंतु तो आपल्याच देशातील राज्यांमधला तंटा असल्यामुळे त्यासाठी २०१० साली देशांतर्गत कायद्याखाली लवाद नेमण्यात आला. सिंधूच्या पाण्यासंबंधी १९६० साली झालेला करार हा मात्र दोन राष्ट्रांमधला. ज्याच्या मनात म्हादईचा प्रश्न आहे, त्याने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नव्हे, तर घटनात्मक कायद्याच्या अभ्यासाचा विचार करावा. ‘कशासाठी’ हा प्रश्न आधी विचारला, तर अशी चुकीची वाट वेळीच टळते.

अर्जाचे स्वरूप आता सांगतो. आपल्या देशातील बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेशासाठी ‘क्लॅट’ नावाची सामाईक परीक्षा आहे. पदव्युत्तर वर्गासाठी ती दोन तासांची, १२० प्रश्नांची असते, आणि गेली काही वर्षे डिसेंबर महिन्यात होत आली आहे. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांसही अर्ज करता येतो. दिल्ली येथे सार्क राष्ट्रांनी मिळून स्थापिलेल्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत तर आंतरराष्ट्रीय कायदा हाच पदव्युत्तर शिक्षणाचा विषय आहे. हॉलंडमधील लायडेन, जिथे ग्रोशियस स्वतः शिकला, किंवा इंग्लंडमधील विद्यापीठे यांची रीत निराळी. तेथे सामान्यतः गुणपत्रिका, अध्यापकांची शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले हेतुनिवेदन यांवर निर्णय होतो. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गाची तयारी आदल्या वर्षीच करावी. शिफारस मागताना गुरुजनांना निदान महिनाभर आधी सांगावे, आणि जे आपल्याला खरोखर ओळखतात त्यांच्याकडेच जावे. मोठ्या हुद्द्याच्या पण अपरिचित माणसाचे चार ओळींचे पत्र फारसे उपयोगी पडत नाही. आपल्या लोकांना आणखी एक सूचना: बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांवर नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असणे ही आपल्याकडील नेहमीची अडचण आहे. ती दुरुस्ती अर्जाच्या आधी करून घ्यावी.

या सर्वांत कसोटीचा कागद म्हणजे हेतुनिवेदन. ‘मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे, मला जगात शांतता नांदावी असे वाटते’ असे लिहिणारे अर्जदार कितीतरी असतात. त्यात खोटे काही नसते, पण त्यावरून लिहिणारा कोण हेही कळत नाही. समजा, एखाद्या खलाशाच्या मुलीने असे लिहिले: जहाजाचा मालक एका देशातील, जहाजावरील झेंडा दुसऱ्या देशाचा आणि खलाशी तिसऱ्या देशाचा असता, बुडालेले वेतन मिळवून देण्याचे कर्तव्य कोणाचे, आणि ते कर्तव्य बजावले न गेल्यास दाद कोठे मागावी, याचा मला अभ्यास करावयाचा आहे. तो विषय त्या विद्यापीठात कोण शिकवतात, आणि शिक्षणानंतर आपण कोठे काम करू इच्छितो, हेही तिने नेमके सांगितले, तर वाचणाऱ्याला ती मुलगी डोळ्यांसमोर दिसू लागते. असे निवेदन पैसे घेऊन लिहून देणारे दलाल शहरोशहरी आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते लबाडीचे तर आहेच. शिवाय विकत घेतलेल्या हेतूवर एक वर्षाचे कठीण शिक्षण निभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी: ते निवेदन मुलीने आधी मराठीत लिहावे आणि रात्रीच्या जेवणानंतर आईवडिलांना वाचून दाखवावे. बाबांना ते समजले नाही, तर दोष बाबांच्या शिक्षणाचा नव्हे. विषय मुलीच्याच मनात अजून स्पष्ट झालेला नाही, असे समजावे. आईने विचारावे, ‘बाई गं, हे शिकून तू काय करणार?’ त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. केवळ या पदवीने वकिलीची सनद मिळत नाही, ती एलएल.बी.च्या पदवीवर व बार कौन्सिलच्या नोंदणीने मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांतील जागा थोड्या असतात. मात्र महाविद्यालयात शिकविणे (त्यासाठी सामान्यतः नेटसारखी पात्रता परीक्षाही द्यावी लागते), जहाजवाहतुकीचे खटले चालविणाऱ्या वकिलांकडे काम करणे, परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदेविषयक विभागात प्रवेशाचा यत्न करणे, या वाटा खऱ्या आहेत.

यानंतर पैशांचा प्रश्न घ्यावा. आता तो योग्य जागी येतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, पण तिला निदान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. मुंबईचा जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून विद्यार्थ्यांना साहाय्य करीत आला आहे. परंतु ते कर्ज आहे, फेडावयाचे आहे, हे विसरू नये. कोणतेही कर्ज काढण्यापूर्वी हप्ता किती, तो कोण फेडणार आणि नोकरी उशिरा लागली तर काय, हे तिघांनी मिळून कागदावर मांडावे. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा वाटा त्या हिशेबातून पुसला जाऊ नये.

हेतू पक्का असून यंदा पैसे जमले नाहीत, तर एक-दोन वर्षे वकिलाच्या हाताखाली काम करून पुन्हा अर्ज करण्यात काहीच कमीपणा नाही. त्या अनुभवाने निवेदन अधिक भक्कमच होते. हेतूच सापडला नाही, तर शेत गहाण पडण्यापूर्वीच तसे कळले, एवढे त्या रात्रीच्या वाचनाचे मोल समजावे.