सदोष ध्वनिमुद्रणाच्या बाजूने

आमच्या संगीत मंडळात यंदा एका संध्याकाळी आल्बान बर्गचा ‘वोत्सेक’ हा ऑपेरा ऐकला. ऐकून होताच आमच्या एका सरांनी निकाल दिला, “गायकांचे सूर जागच्या जागी लागत नाहीत. स्वच्छ मुद्रण मिळत असताना हे कशाला ऐकायचे?” सरांच्या व्यासंगाविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला हा निकाल मान्य नाही.

हे मुद्रण एप्रिल १९५१ मधले. दिमित्री मित्रोपूलोस यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह कार्नेगी हॉलमध्ये हा ऑपेरा मैफलीच्या स्वरूपात, नेपथ्यावाचून सादर केला. मॅक हॅरेल वोत्सेक आणि आयलीन फॅरेल मारी.

‘वोत्सेक’चा पहिला प्रयोग १९२५ साली बर्लिनला झाला. आधार ग्येओर्ग ब्यूख्नरच्या अपुऱ्या नाटकाचा. हा नाटककार १८३७ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला. नायक एक गरीब शिपाई. कॅप्टनची दाढी करतो, चार पैशांसाठी डॉक्टरला स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू देतो, आणि ते पैसे मारीच्या व मुलाच्या हाती ठेवतो. अखेर तोच मारीचा खून करतो आणि तळ्यात बुडून मरतो.

सरांचे म्हणणे निराधार नाही. बर्गने पंधराही प्रवेश काटेकोर संगीतबंधांत बांधले आहेत. गाणे आणि बोलणे यांच्या मधला उच्चारही त्याने स्वरलिपीत लिहून ठेवला आहे. तिथे सूर चुकला की काहीतरी हरवतेच. कार्ल ब्योम यांच्या १९६५ च्या बर्लिनमधील मुद्रणात डीट्रिख फिशर-डीस्काऊंचा शब्द न् शब्द कळतो. अभ्यासाला बसणाऱ्याने खुशाल तेच घ्यावे.

पण खुनाचा प्रवेश ऐका. तो सबंध प्रवेश ‘बी’ या एकाच स्वरावर रचलेला आहे. ‘सी’ला षड्ज मानले तर हा शुद्ध निषाद. मारी मरते आणि वाद्यवृंद तोच एक स्वर धरून दोनदा फुगत जातो. ब्योमकडे मला त्यातली रचना दिसली. मित्रोपूलोसकडे मला भीती वाटली. श्रोत्यांसमोर बसलेल्या वादकांना थांबून पुन्हा वाजवण्याची सोय नव्हती. वोत्सेकला तरी ती कुठे होती?

आपल्याकडच्या जुन्या मैफलींच्या मुद्रणांत खरखर असते, मध्येच कुणी खोकते. म्हणून ती मैफल आपण टाकून देत नाही. दोष जरूर मोजावेत. पण त्या दोषांनी कलाकृतीचे नेमके काय गेले, हेही विचारावे. इथे काही सूर गेले, माणूस राहिला.

शेवटच्या प्रवेशात, आई मेल्याचे कळूनही ते पोर काठीच्या घोड्यावर खेळतच राहते आणि संगीत एकाएकी थांबते. सर, त्या वेळी आपणही काही क्षण गप्प होता. सुरांचा हिशेब त्यानंतर सुरू झाला.