अक्षतांची पूजा

चातुर्मास लागला म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतूनहि नेमांची बोलणीं सुरू होतात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी लक्ष वातींचा संकल्प सोडतो. हे नेम कोणते असावेत हें सांगण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. परंतु नवा नेम धरण्यापूर्वीं, आपण रोज देवापुढें जें करतों तें भक्तीनें करतों कीं केवळ वहिवाट म्हणून, एवढा प्रश्न वाचकांनीं आपल्या मनाला एकदां विचारावा, अशी आमची विनंति आहे.

आपल्या नित्याच्या देवपूजेकडेच पाहूं. षोडशोपचार म्हणजे सोळा उपचार. देवाला बोलवावयाचें, बसावयास आसन द्यावयाचें, पाय धुवावयास पाणी, आचमनास पाणी, मग स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, आणि शेवटीं प्रदक्षिणा व नमस्कार. हा क्रम नीट न्याहाळला म्हणजे ध्यानांत येतें कीं, दारीं आलेल्या आवडत्या पाहुण्याचा सत्कार कसा करावा त्याचीच ही मांडणी आहे. आलेल्या माणसाला आधीं बसवावें, पाणी द्यावें, मग जेवूं घालावें, हें ज्याला मनापासून कळतें त्याला पूजेचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाहीं.

या विधींत एक मोठी सवलतहि ठेविलेली आहे. जो उपचार हाताशीं नसेल त्याच्या जागीं अक्षता वाहाव्या. वस्त्र नाहीं, अक्षता वाहा; अलंकार नाहींत, अक्षता वाहा. साहित्यावांचून गरीब गृहस्थाची पूजा अडूं नये, ही या सवलतीमागची करुणा. मानसपूजेला तर साहित्यच लागत नाहीं. गीतेच्या नवव्या अध्यायांत भगवंतांनीं पान, फूल, फळ आणि पाणी एवढेंच मागितलें आहे. मात्र तें भक्तीनें दिलेलें असावें, ही अट घातली आहे. म्हणजे वस्तूच्या जागीं अक्षता चालतात. भावाच्या जागीं काय वाहावें तें पूजाविधींत सांगितलेलें नाहीं. आणि आपण बहुतेक जण नेमकें तेंच करीत आलों आहों: भावाच्याच जागीं चार अक्षता टाकून मोकळे होतों.

हें आम्ही दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठीं लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वींची आमच्याच घरची गोष्ट आहे. आमच्या तीर्थरूपांनीं पन्नास वर्षें चालविलेली देवपूजा, त्यांचे हात कांपूं लागल्यावर आमच्याकडे आली. एके सकाळीं आम्ही सोवळें नेसून अभिषेकास बसलों होतों. तोंडानें मंत्र चालले होते. मन कचेरींतल्या एका कागदापाशीं होतें. इतक्यांत पलीकडच्या खोलींतून तीर्थरूपांनीं पाणी मागितल्याचें ऐकूं आलें. पूजा अर्धी टाकून उठूं नये, शिवाय सोवळें मोडेल, अशा विचारानें आम्ही आवाज थोडा चढवून मंत्र म्हणतच राहिलों. आमची धाकटी भावजय मुलांच्या शाळेचे डबे भरीत होती. ती हातांतलें काम टाकून तशीच धांवली, आणि घाईंत तिचा पदर पूजेच्या पाटास लागला. त्याबद्दल आम्हीं तिला चार शब्द सुनावले. ती उलट कांहीं बोलली नाहीं.

पूजा आटोपून तीर्थ द्यावयास आम्ही खोलींत गेलों, तेव्हां तीर्थरूप हंसून म्हणाले, “आज तुझ्याआधीं तिची पूजा पुरी झाली रे. मला आचमन हवें होतें, तें तिनें दिलें.” त्या हंसण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आम्हांला अद्याप बोचतें. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहींत. भावजयीची क्षमा मागावयास मात्र आम्हांला आठ दिवस लागले.

पैठणच्या एकनाथमहाराजांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. रामेश्वरास अभिषेक करण्यासाठीं आणलेली गंगेची कावड त्यांनीं वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत ओतली. कीर्तनांत ही कथा आली म्हणजे आपले डोळे पाणावतात. परंतु इतक्या दुरून वाहून आणलेलें तें पाणी वाळवंटांत ओततांना हात किती जड होत असेल, याचा विचार आपण करीत नाहीं. आम्हांला तर हातांतली पळीसुद्धां खालीं ठेववली नाहीं.

मग नित्यकर्म टाकूनच द्यावें काय? आमची तरुण मंडळी म्हणतात, मन लागत नसेल तर पूजा हें ढोंग होय. हें आम्हांला मान्य नाहीं. आपल्या शास्त्रानें कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. त्यांत नित्य तें फळाची आशा न धरतां रोज करावयाचें. घरांतली माउली रोज स्वयंपाक करते, तेव्हां रोज तिचें अंतःकरण उचंबळून येतें असें नाहीं. म्हणून तिच्या हातच्या अन्नाला कोणी ढोंग म्हणत नाहीं. सवय हा विहिरीचा रहाट आहे. पाण्यापर्यंत पोहरा पोहोंचविणें हें त्याचें काम. परंतु पोहरा दिवसेंदिवस रिकामाच वर येत आहे हें दिसत असूनहि जो खालीं वांकून पाहत नाहीं, त्याच्या श्रमाला नेम हें नांव शोभत नाहीं.

विहिरींत पाणी आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें? २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें आषाढीची वारी पायीं निघूं शकली नाहीं. आळंदीहून व देहूहून संतांच्या पादुका एस्. टी. च्या गाडीनें पंढरपुरास नेण्यांत आल्या; २०२१ सालींहि तसेंच झालें. दोन वर्षें दिंड्यांवांचून ती वाट सुनी राहिली. २०२२ सालीं पालख्या पुन्हां पायीं निघाल्या, तेव्हां वारकरी पुन्हां त्याच उन्हापावसांतून चालूं लागले. त्यांच्या न चालण्यानें देवाचें कांहीं अडलें नव्हतें. त्यांचें स्वतःचें अडलें होतें. आम्हांला हीच खरी कसोटी वाटते. नेमांत खंड पडला असतां सुटल्यासारखें वाटतें कीं चुकल्यासारखें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. तेथें दुसऱ्याची साक्ष लागत नाहीं.

आमच्या घरीं आतां पूजा पाळीपाळीनें होते, आणि चार दिवस ती धाकट्या भावजयीकडे असते. प्रथम आमच्या वृद्ध काकूंना हें रुचलें नाहीं. आतां त्या स्वतः तिच्यासाठीं दूर्वा निवडून ठेवतात. तिच्या पूजेंत मंत्र थोडे असतात. मध्येंच कोणी हांक मारली तर ती पळी खालीं ठेवून उठते, काम करून हात धुते आणि पुन्हां येऊन बसते. उठतांना, राहिलेल्या उपचाराच्या जागीं, ती देवावर दोन अक्षता वाहून जाते. सवलतीचा हा उपयोग ती घालून देणाऱ्यांनाहि पसंत पडला असता, असें आम्हांस वाटतें.